कचऱ्याच्या पिशवीचं दप्तर



वाचनालयाच्या या व्याख्यानमालेत आजवर बोलून गेलेली माणसं मोठी होती. मला बोलावलं ते आमच्या चित्रकलेच्या सरांची विद्यार्थिनी म्हणून, आणि विद्यार्थिनी म्हणून मी बेताचीच होते. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला मला सी ग्रेड मिळाली होती. परीक्षेआधी सर स्मरणचित्राचा सराव घ्यायचे. एकदा विषय दिला ‘आठवडे बाजार’. मी दोन त्रिकोणी डोंगर काढले, त्यांच्या मधून उगवणारा सूर्य काढला, चार पक्षी, एक कौलारू घर, आणि खाली जी जागा उरली तिथे कसाबसा बाजार बसवला. सरांनी कागद हातात घेतला आणि विचारलं, “आपल्या गावाला डोंगर कुठाय गं?”

आमच्या गावाला डोंगर नाही. ढेकूळ उचलून ठेवावं एवढासुद्धा उंचवटा नाही. “मग हा कुणाच्या गावचा बाजार काढलास?” असं म्हणून सर पुढच्या बाकाकडे गेले. मला तेव्हा राग आला होता. सगळेच डोंगर काढत होते, पकडलं मला.

आज ज्या पुस्तकाबद्दल बोलणार आहे त्यातला मुलगाही चित्रं काढतो. त्यानं एकही उसना डोंगर काढलेला नाही. त्याच्या चित्रात त्याचं दप्तर दिसतं, आणि ते दप्तर म्हणजे कचरा भरायची प्लॅस्टिकची पिशवी आहे.

पुस्तकाचं नाव ‘द अ‍ॅब्सोल्यूटली ट्रू डायरी ऑफ अ पार्ट-टाइम इंडियन’. लेखक शर्मन अलेक्सी, चित्रं एलन फोर्नी यांची. २००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालं आणि त्याच वर्षी किशोरांच्या साहित्यासाठीचं नॅशनल बुक अवॉर्ड त्याला मिळालं. साखर कारखान्याच्या पट्ट्यातल्या एका शाळेत मी शनिवारी आठवी-नववीच्या मुलांना पुस्तक वाचून दाखवते. इंग्रजी पान समोर आणि तोंडातून मराठी, असा माझा कारभार. नाव सांगितलं तर एक मुलगा म्हणाला, “बाई, मग आपण फुलटाइम इंडियन का?” वर्ग हसला, मीही हसले, आणि मग लक्षात आलं की या पुस्तकात शिरायचं तर आधी दोन शब्दांचा निकाल लावावा लागेल.

पहिला शब्द इंडियन. कोलंबसाची चूक पाचशे वर्षं झाली तरी त्या लोकांच्या अंगाला चिकटून आहे, आणि आता त्यांच्यातले पुष्कळजण ती चूक स्वतःचं नाव म्हणून अभिमानानं वापरतात. दुसरा शब्द रिझर्वेशन. आपल्याकडे हा शब्द उच्चारला की लगेच ‘आरक्षण’ असं भाषांतर डोक्यात येतं आणि त्यामागून भांडण येतं. तिथे त्याचा अर्थ निराळा आहे. सगळी जमीन घेऊन झाल्यावर मूळच्या माणसांना जिथे राहू दिलं तो तुकडा म्हणजे रिझर्वेशन. मुलांना हे समजावताना मी सोलापूरच्या सेटलमेंटचं उदाहरण दिलं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यानं जन्मतःच गुन्हेगार ठरवलेल्यांना तारेच्या कुंपणात ठेवलं होतं. हजेरी द्यावी लागायची. १९५२ साली तो कायदा गेला. रिझर्वेशन म्हणजे अगदी तेच नव्हे, कारण तिथे त्या लोकांची स्वतःची कौन्सिल आहे, तहाचे हक्क आहेत, जमीन त्यांना पवित्रही आहे. पण माणसं एका जागी गोळा करून ठेवायची आणि मग ‘ही अशी का राहतात’ म्हणून विचारायचं, हा भाग मुलांना सांगावा लागला नाही.

अलेक्सींचा जन्म १९६६ सालचा. ते वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकॅन जमातीच्या रिझर्वेशनवर, वेलपिनिट नावाच्या गावात वाढले. हे रिझर्वेशन १८८१ साली राष्ट्राध्यक्षांच्या हुकमानं ठरवलं गेलं. तिथल्या नद्यांना समुद्रातून साल्मन मासे यायचे, त्यावर त्या मुलखातल्या जमाती जगायच्या. मग कोलंबिया नदीवर ग्रँड कूली धरण बांधलं. माशांना वर चढायला त्या भिंतीत वाटच ठेवली नव्हती. १९४० च्या जून महिन्यात केटल फॉल्सपाशी, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या जिथे मासे धरले ते धबधबे पाण्याखाली जाण्याआधी, अनेक जमातींची माणसं जमली आणि तीन दिवस त्या जागेचा निरोप घेत राहिली. त्या समारंभाला अश्रूंचा समारंभ असंच नाव पडलं. नंतर १९५५ पासून १९८१ पर्यंत स्पोकॅन रिझर्वेशनवर युरेनियमची उघडी खाण चालली. कोयनेच्या किंवा उजनीच्या काठच्या माणसाला हे सगळं लांबचं वाटू नये.

कादंबरी मात्र या इतिहासाचा तास घेत नाही. ती घरातल्या रिकाम्या फ्रिजपासून सुरू होते असं म्हटलं तरी चालेल.

मुलाचं नाव अर्नोल्ड स्पिरिट. वय १४. घरी, गावात सगळे त्याला ज्युनिअर म्हणतात. डोक्यात पाणी घेऊन जन्मलेला, सहा महिन्यांचा असताना मेंदूवर शस्त्रक्रिया झालेली. वाचणार नाही म्हणाले होते, वाचला. (लेखकाच्या बाबतीतही हे असंच घडलं होतं.) डोकं मोठं, पाय मोठे, मध्ये काडीसारखा देह. बोलताना अडखळतो, शिवाय बोबडा. आकडी येते. चष्मा सरकारी दवाखान्यातून मिळालेला, जाड काळ्या काड्यांचा. आणि दात ४२. हे वाचलं तेव्हा वर्गातल्या प्रत्येकाची जीभ तोंडात फिरायला लागली. पाच मिनिटं सगळे आपापले दात मोजत बसले. ज्युनिअरचे जास्तीचे दहा दात एकाच दिवशी काढले, कारण सरकारी दवाखान्यात दातांचं मोठं काम वर्षातून एकदाच होई. आणि भूल अर्धीच दिली, कारण त्या गोऱ्या डॉक्टरचं मत असं की इंडियन माणसाला दुखतं निम्मंच. हा सगळा प्रकार ज्युनिअर विनोदी किस्सा म्हणून सांगतो. हसता हसता आपल्या जबड्यात कळ येते.

याच मुलानं आणखी कुठेतरी सांगितलं आहे की आपण आजवर ४२ अंत्यविधींना गेलो. दात ४२, प्रेतं ४२. हा योगायोग की लेखकाची खोडी, मला ठरवता आलेलं नाही.

हायस्कूलच्या पहिल्या दिवशी भूमितीच्या तासाला ज्युनिअरला पुस्तक मिळतं. तो उघडतो तर आत पहिल्या मालकाचं नाव लिहिलेलं, अ‍ॅग्नेस अ‍ॅडम्स. लग्नाआधीचं त्याच्या आईचं नाव. आई ज्या प्रतीतून शिकली त्याच प्रतीतून मुलगा शिकणार! तो ते पुस्तक भिरकावतो आणि ते लागतं मास्तरांच्या तोंडावर. नाक फुटतं. शाळेतून काही दिवस काढून टाकतात. मग ते फुटक्या नाकाचे मास्तर त्याच्या घरी येतात, आणि आपल्याला वाटतं आता कानउघाडणी होणार, तर म्हातारा उलट माफी मागतो. तरुणपणी मुलांमधला इंडियन मारून काढायचं शिक्षण आम्हाला दिलं होतं, आणि मीही मारलं, असं तो कबूल करतो. यामागेही खरा इतिहास आहे. १८७९ साली पेनसिल्व्हेनियात कार्लाइल इथं पहिली मोठी निवासी शाळा निघाली. मुलांचे केस कापायचे, कपडे आणि नाव बदलायचं, भाषा बोलू द्यायची नाही. तिच्या नमुन्यावर मग देशभर शाळा निघाल्या. मास्तर ज्युनिअरला सांगतात, तू इथून जा. जिथे आशा असलेली माणसं आहेत तिकडे जा.

मुलगा जातो. रिअर्डन नावाच्या गोऱ्यांच्या गावात, २२ मैलांवर. आपल्या हिशेबात ३५ किलोमीटर. वडिलांच्या गाडीत पेट्रोल असलं आणि वडील शुद्धीत असले तर गाडीनं, नाहीतर कुणी लिफ्ट दिली तर, नाहीतर चालत. तिथे शाळेत हजेरीला त्याचं नाव पुकारतात अर्नोल्ड. गावात ज्युनिअर, शाळेत अर्नोल्ड. घरी बाळ्या आणि हजेरीत बाळासाहेब असलेल्या कुणालाही ही गंमत कळेल. फक्त इथे त्या दोन नावांमध्ये ३५ किलोमीटरचा रस्ता आहे. रिअर्डनच्या संघाचं बोधचिन्हही इंडियन. म्हणजे शाळेत दोनच इंडियन, एक हा आणि एक ते चित्र.

आता चित्रांकडे येते, कारण मला बोलायचं आहे ते त्यांच्याबद्दलच.

या कादंबरीतली चित्रं कुणी बाहेरून सजावटीला लावलेली नाहीत. ती ज्युनिअरनं काढलेली आहेत, असं धरून पुस्तक चालतं. का काढतो, तेही तो सांगतो. शब्द त्याला पुरत नाहीत आणि बेभरवशाचे वाटतात. शब्द लिहिला तर ती भाषा येणाऱ्यालाच कळेल, चित्र कुणालाही कळेल. अडखळत बोलणाऱ्या, बोबड्या मुलाचं हे कारण आहे हे विसरू नका. त्यानं तोंड उघडलं की लोक हसतात. पेन्सिल अडखळत नाही.

फोर्नी सिअ‍ॅटलच्या. व्यंगचित्रकार म्हणून नावाजलेल्या. पुढे २०१२ मध्ये त्यांनी स्वतःच्या मानसिक आजारावर ‘मार्बल्स’ नावाचं चित्रमय आत्मकथन केलं. त्यांनी या पुस्तकात केलेली कारागिरी मी फार उशिरा ओळखली. पहिल्यांदा वाचताना वाटलं, सगळी एकाच हाताची कार्टून्स आहेत. मुलांना दाखवायला झेरॉक्स काढल्या तेव्हा दिसलं की हात एकच, पण घाई वेगवेगळी आहे. काही चित्रं तासाला बाकाखाली भरभर ओढल्यासारखी, रेघ तुटकी, विनोद मारून मोकळा. काही नीट बसून, बाण काढून, बारीक अक्षरात नावं घालून केलेली. आणि थोडी चित्रं पेन्सिलीची, सावकाश छटा दिलेली, जणू वहीतून फाडून पानावर चिकटवली आहेत. ही तिसऱ्या जातीची चित्रं बघा कुणाची आहेत. ज्यांच्याकडे ज्युनिअर टक लावून बघतो त्यांची. दोस्ताची, त्याला आवडणाऱ्या मुलीची. माणूस जवळचा झाला की रेघेची घाई संपते. हे कादंबरीच्या मजकुरात कुठेही लिहून सांगितलेलं नाही.

एक चित्र आहे, मधोमध उभी रेघ मारून मुलाचे दोन अर्धे भाग केलेत. एक बाजू गोऱ्या मुलाची: चांगला शर्ट, मनगटावर घड्याळ, नवे बूट, समोर उजळ भविष्य. दुसरी बाजू इंडियन मुलाची: स्वस्त दुकानातले कपडे, किराण्याच्या दुकानात मिळणारे कापडी बूट, आणि खांद्याला ती कचऱ्याची पिशवी. वर्गात हे चित्र फिरलं तेव्हा कुणी “अरेरे” म्हणालं नाही. मागच्या बाकावरून आवाज आला, “बाई, पिशवी भारी आयडिया आहे, पावसात वह्या भिजत नाहीत.” मी हे हसण्यावारी नेत नाही. आपण मोठी माणसं त्या पिशवीत गरिबी बघतो. खताच्या पोत्यात वह्या नेलेल्या मुलानं तिच्यात सोय बघितली. हेच चित्र शब्दांत लिहिलं असतं, ‘त्याच्याकडे दप्तर घ्यायलाही पैसे नव्हते’ वगैरे, तर वाचणाऱ्याला दया येणं भाग होतं. चित्र दया मागत नाही. पिशवी दाखवतं आणि गप्प बसतं.

दुसरं चित्र आईवडिलांचं. त्यांच्या स्वप्नांकडे कुणी लक्ष दिलं असतं तर ते काय झाले असते, याचं. आई कॉलेजात शिकवणारी. वडील जाझचे सॅक्सोफोनवादक. आणि इथे लेखकाची एक जागा मला फार आवडते. वडील जगात पहिले असते असं हा मुलगा म्हणत नाही. मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला जेवढे सॅक्सोफोनवादक आहेत त्यांत पाचवे! स्वप्नालाही माप आहे. पहिला नंबर कुणीही देईल. पाचवा नंबर देणाऱ्यानं बापाचं वाजवणं खरंच ऐकलेलं असतं.

मी मुलांना कोरे कागद दिले आणि म्हटलं, तुमच्या आईवडिलांचं असं चित्र काढा. वर्गात निम्मी मुलं ऊसतोडीवर जाणाऱ्या घरांतली. मला वाटलं होतं कलेक्टर येतील, डॉक्टर येतील. एका मुलीनं वडिलांना एसटीचे कंडक्टर काढलं. खाकी कपडे, गळ्यात तिकिटांचं मशीन, आणि खिशाला अडकवलेला पेन. तो पेन तिनं दोनदा खोडून नीट काढला. म्हणाली, “ते म्हणतात, कंडक्टरला बसायला जागा असते आणि रोज घरी यायला मिळतं.” दुसऱ्यानं आईला शिलाई मशीनवर बसवलं होतं, दुकानावर तिच्या नावाची पाटी. एका मुलाचा कागद कोराच. मी जवळ गेले. तो म्हणाला, “मी त्यांना कधी विचारलंच नाही.”

माझ्याकडे त्यावर बोलायला काही नव्हतं. माझे वडील काय होणार होते, हे मीही त्यांना विचारलं नव्हतं, आणि आता विचारायची सोय नाही.

या पुस्तकात भूक आहे, पण भुकेचं वर्णन नाही. भूक असते आणि मग कधीतरी रात्री उशिरा आईवडील तळलेल्या कोंबडीचा डबा घेऊन येतात आणि सगळं माफ होतं. भुकेपेक्षा वाईट काय, तर ज्युनिअरचा कुत्रा आजारी पडतो. ऑस्कर त्याचं नाव. जनावरांच्या डॉक्टरला द्यायला पैसे नाहीत. वडील बंदूक उचलतात. बंदुकीची गोळी दोन सेंटला मिळते, तेवढी परवडते. त्यानंतर ज्युनिअर आईवडिलांवर चिडत नाही हे मला पहिल्या वाचनात खटकलं होतं. मग कळलं की त्याला चिडायला माणूसच सापडत नाही. वडील दारुडे आहेत, आणि प्रेमळ आहेत, दोन्ही एकाच वेळी. नाताळात पैसे नाहीत म्हणून घर सोडून जातात, पिऊन पडतात, जानेवारीच्या २ तारखेला परत येतात. पलंगावर पडल्या पडल्या मुलाला सांगतात, माझ्या बुटात बघ. बुटाच्या तळाशी चुरगळलेली पाच डॉलरची नोट. प्यायची तलफ असताना, तीही इतकी, त्यांनी ती नोट तेवढी राखून ठेवली होती. अशा बापाला काय म्हणायचं ते ज्युनिअरला ठरवता येत नाही. ही नोट म्हणजे एकाच वेळी भलती सुंदर आणि भलती कुरूप गोष्ट आहे असं काहीसं त्याला वाटतं. आपल्याकडे दारुड्या बापाच्या कथा पुष्कळ आहेत. एकतर बाप राक्षस असतो नाहीतर शेवटी सुधारतो. हा बाप सुधारत नाही.

मग माणसं जायला लागतात. आजीला पिऊन गाडी चालवणारा उडवतो. ती स्वतः आयुष्यात कधी प्यालेली नव्हती. वडिलांचा जिवलग मित्र बाटलीतल्या शेवटच्या घोटावरून गोळी खाऊन मरतो. मोठी बहीण, नवं लग्न झालेली, मोंटानात ट्रेलरला आग लागून जाते. एका शालेय वर्षात तीन. ज्युनिअर काय करतो? याद्या करतो. कशानं आपल्याला आनंद होतो त्याच्या याद्या. पुन्हा लिहितो, पुन्हा चित्रं काढतो, खोडतो, पुन्हा काढतो. आपण दहावा करतो, तेरावा करतो. तसा तो विधी आहे, फक्त त्याला सांगणारा भटजी नाही. वर्गात मी इथे वाचणं थांबवलं होतं, कारण एका मुलीच्या घरी महिन्यापूर्वीच कुणी गेलं होतं. तीच म्हणाली, “पुढं वाचा ना बाई, यादीत काय काय आहे?”

अजून एक प्रसंग सांगते आणि प्रसंग सांगणं थांबवते. ज्युनिअर रिअर्डनकडून बास्केटबॉल खेळतो. पहिल्यांदा स्वतःच्या गावात, वेलपिनिटमध्ये सामना असतो. तो मैदानात येताच सगळा गाव त्याच्याकडे पाठ करून उभा राहतो. कुणी नाणं फेकून त्याचं कपाळ फोडतं. जिवलग दोस्त राउडी, वेलपिनिटचा खेळाडू, त्याला असा धक्का देतो की शुद्ध हरपते. गाव सोडून गेलेल्याला तिकडे सफरचंद म्हणतात. वरून लाल, आतून पांढरं. आपल्याकडच्या वस्त्यांमध्ये काय काय म्हणतात ते इथे सांगत नाही, सभागृहातल्या बऱ्याच जणांनी ते ऐकलेलं असेल. दुसरा सामना रिअर्डनच्या मैदानावर होतो. ज्युनिअर राउडीला अडवतो, संघ ४० गुणांनी जिंकतो, पोरं त्याला खांद्यावर घेतात. आणि खांद्यावरून त्याला समोरच्या संघाची तोंडं दिसतात. त्यातल्या कुणी कुणी सकाळी काही खाल्लेलं नसणार हे त्याला ठाऊक आहे. कुणाचा बाप तुरुंगात, कुणाचा पिऊन पडलेला, हेही ठाऊक आहे. जिंकल्याची लाज वाटून तो आडोशाला जाऊन रडतो. खेळाच्या कथांत दुबळा जिंकतो तिथे आपण टाळ्या वाजवतो. इथे जिंकल्यावर कळतं की आपण आता दुबळ्या बाजूला उरलो नाही.

आता घरचा विषय. १३ ते १६ वयाच्या मुलांसाठी मराठीत काय आहे? ‘किशोर’ मासिक आहे, बालभारती १९७१ पासून काढते, आणि त्याच्या चित्रांवर आम्ही वाढलो. फास्टर फेणे आहे. मिलिंद बोकील यांची ‘शाळा’ आहे, पण ती मोठ्यांच्या कपाटात. आणि खरं सांगू? हालअपेष्टांमधून वाट काढणाऱ्या वेगळ्या मुलाची सर्वांत चांगली मराठी पुस्तकं कधीच लिहून झाली आहेत. ‘बलुतं’ १९७८ चं, ‘उपरा’ १९८० चं, ‘उचल्या’ १९८७ चं. या आत्मकथनांचे बालपणाचे भाग काढून बघा. त्यातला मुलगा ज्युनिअरचा भाऊ शोभेल. ती पुस्तकं एम.ए.च्या अभ्यासक्रमात गेली, दलित साहित्याच्या परिसंवादांत गेली. ज्या वयाच्या मुलाची ती गोष्ट आहे त्या वयाच्या मुलाच्या हातात गेली नाहीत. आणि एकातही चौदा वर्षांच्या पोराच्या हातची रेघ नाही. एका प्रकाशकांना मी विचारलं होतं. ते म्हणाले, चित्रं टाकली की पुस्तक चौथीपर्यंतचं वाटतं, मोठी मुलं हात लावत नाहीत. शिवाय छपाईचा खर्च. खर्चाचं खरं आहे. बाकीचं मला पटत नाही. ती मुलं वहीच्या शेवटच्या पानावर काय काढत बसतात ते त्यांनी कधी उलटून बघितलं नसावं.

अमेरिकेतही हे पुस्तक सुखानं नांदलेलं नाही. अमेरिकन लायब्ररी असोसिएशननं २०१० ते २०१९ या दशकात सर्वाधिक हरकती आलेल्या पुस्तकांची यादी केली, त्यात हे पहिलं आहे. कारणं: शिव्या आहेत, दारू आहे, हस्तमैथुनाचा उल्लेख आहे. उल्लेख आहे हे खरं. वर्गात मी ती अर्धी पानं गाळली, आणि गाळली हे मुलांना सांगितलं. २०१४ साली आयडाहोतल्या मेरिडियन गावात पुस्तक अभ्यासक्रमातून काढलं, तर एका विद्यार्थिनीनं बागेत उभं राहून मुलांना प्रती फुकट वाटल्या. कुणीतरी पोलीस बोलावले. पोलिसांना त्यात गुन्हा दिसला नाही.

आणि एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला बसता येणार नाही. २०१८ मध्ये अनेक स्त्रियांनी अलेक्सींवर गैरवर्तनाचे आरोप केले. त्यांनी निवेदन काढून आपल्या वागण्यानं लोकांना दुखावल्याचं मान्य केलं, काही आरोप फेटाळले. अमेरिकन इंडियन लायब्ररी असोसिएशननं २००८ मध्ये या पुस्तकाला दिलेला पुरस्कार परत घेतला. त्या स्त्रियांत स्वतः लिहिणाऱ्याही होत्या, ज्यांच्यासाठी हा लेखक दारातला मोठा माणूस होता. त्यांचा राग रास्त आहे. मी पुस्तक वाचून दाखवणं थांबवावं का, यावर मी बराच विचार केला. थांबवलं नाही. पण लेखकाचा मोठेपणा सांगायचं थांबवलं. आता मी गोष्ट ज्युनिअरची म्हणून सांगते आणि चित्रं फोर्नींची म्हणून दाखवते. कुणाला हे पळवाट वाटेल. वाटू द्या.

तो कोऱ्या कागदाचा मुलगा दिवाळीनंतर शाळेत आला नाही. त्याचं घर तोडीला गेलं होतं. एप्रिलमध्ये परत आला तेव्हा त्यानं वहीतलं पान फाडून माझ्यासमोर ठेवलं. वडील ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगवर बसलेले. मी म्हटलं, ड्रायव्हर व्हायचं होतं का त्यांना? तो म्हणाला, “नाही, मालक.” ट्रॅक्टरच्या मागे ट्रॉली होती, ट्रॉलीच्या मागे सरळ आडवी रेघ, म्हणजे जमीन. डोंगर नव्हता.

या वाचनालयासाठी मी पुस्तकाची एक प्रत आणली आहे, सोबत वर्गातल्या मुलांच्या चित्रांच्या झेरॉक्स आहेत. ग्रंथपालांना माझी विनंती आहे की ही प्रत संदर्भग्रंथांच्या कुलपातल्या कपाटात ठेवू नये. खालच्या फळीवर ठेवावी, मुलांचा हात पोचेल अशी. पानं फाटली तर दुसरी प्रत मी देईन.